ग्रंथ आपले, शोध मात्र परक्यांचे!

राहात्यातील एका व्याख्यानानंतरचा प्रसंग आहे. विषय होता भारत आणि बौद्ध आशिया यांच्या संबंधांचा. २०२२च्या जूनमध्ये कपिलवस्तूचे पवित्र अवशेष भारतातून मंगोलियाला नेण्यात आले, उलानबातरच्या गंदन मठात अकरा दिवस त्यांचे दर्शन घडविण्यात आले, ही हकिकत सांगून झाली होती. प्रश्नोत्तरांच्या वेळी मागच्या रांगेतून अकरावीत शिकणारा एक मुलगा उभा राहिला आणि त्याने विचारले, "सर, मंगोल म्हणजे चंगीझखानाचेच लोक ना? मग मुसलमान असून ते बुद्धाच्या अवशेषांना नमस्कार कसा करतात?"

मुलाचा प्रश्न प्रामाणिक होता आणि त्याने तो धीटपणे विचारला, याचे मला कौतुक वाटले. खेद वाटला तो वेगळ्याच गोष्टीचा. सभागृहात शिक्षक होते, डॉक्टर होते, वीस-पंचवीस वर्षे संघटनेच्या कामात घालवलेले कार्यकर्ते होते. आणि त्यांतील अनेकांनी त्या प्रश्नावर माना डोलावल्या. 'खान' हा शब्द कानी पडला की आपण व्यक्तीचा धर्म ठरवून मोकळे होतो. 'मोगल' आणि 'मंगोल' हे शब्द एकाच मुळाचे असल्याने उरलेली शंकाही फिटते. राष्ट्राचा इतिहास आपल्याला इतरांपेक्षा अधिक कळतो, अशी आपली श्रद्धा आहे. त्या श्रद्धेला त्या संध्याकाळी तडा गेला.

'खान' ही मध्य आशियातील तुर्क-मंगोल टोळ्यांची राजपदवी आहे. इस्लामशी तिचा मुळात काही संबंध नाही. १२०६ साली सर्व मंगोल टोळ्यांचा अधिपती झालेला चंगीझखान 'तेंग्री' म्हणजे आकाशदेवतेचा उपासक होता. १२५८ साली बगदादवर चालून जाऊन अब्बासी खिलाफत बुडवली ती त्याच्याच नातवाने, हुलागूने. इराण, मध्य आशिया आणि व्होल्गेच्या खोऱ्यात स्थिरावलेल्या मंगोल शाखा पुढे इस्लाममध्ये गेल्या हे खरे. परंतु खुद्द मंगोलियातील मंगोल गेले नाहीत. कुबलाईखानाने तिबेटी आचार्य फाग्स्पा यांना राजगुरू केले. १५७८ साली अल्तानखानाने सोनाम ग्यात्सो यांना 'दलाई लामा' ही उपाधी दिली. जगभर आज माहीत असलेली ही उपाधी एका मंगोल खानाने दिलेली आहे! आणि १५८६ साली काराकोरम या जुन्या मंगोल राजधानीच्या भग्नावशेषांशेजारी एर्देनी झू हा मठ उभा राहिला. यातील 'एर्देनी' म्हणजे आपले 'रत्न'.

चंगीझखानाच्या स्वाऱ्यांत नगरेच्या नगरे निर्मनुष्य झाली. त्याला मखरात बसवण्याची कोणालाही आवश्यकता नाही. परंतु जे राष्ट्र सात-आठशे वर्षे बुद्धवचनाच्या छायेत वाढले, त्या राष्ट्राविषयी आपले ज्ञान एका पदवीपाशी अडखळावे, ही गोष्ट शोभणारी नाही.

गोबीपलीकडची गीर्वाणवाणी

मंगोलियात आपले काय आहे? पंचांगापासून आरंभ करू. मंगोल परंपरेत वारांची आणि ग्रहांची नावे अदिया, सुमिया, अंगारग, बुद, बार्हस्बदी, सुगर, सांचिर अशी आहेत. आदित्य, सोम, अंगारक, बुध, बृहस्पती, शुक्र, शनैश्चर हे कोणाला समजावून सांगायला हवे काय? आकाशातील गुरूला आजही मंगोल मनुष्य 'बार्हस्बदी' म्हणतो आणि शुक्राला 'सुगर'. कवितेला त्यांचा शब्द 'शुलेग', म्हणजे श्लोक. औषधी झऱ्याच्या पाण्याला 'रशान', म्हणजे रसायन. मंगोलियाच्या आग्नेय भागात एका सरोवराचे नाव 'गंगा' आहे. देशाच्या राष्ट्रध्वजावर जे चिन्ह आहे त्याला 'सोयोम्बो' म्हणतात. हा 'स्वयंभू' शब्द होय. १६८६ साली ज्या धर्माचार्याने ही सोयोम्बो लिपी रचली, ते झानाबाझार म्हणजे ज्ञानवज्र.

शब्दांकडून ग्रंथांकडे गेलो तर छाती दडपते. बुद्धवचनांचा तिबेटी संग्रह 'कांजूर' हा लिग्दनखानाच्या काळात, १६२८-२९ साली, मंगोल भाषेत संकलित झाला. पुढे १७१७ ते १७२० या काळात पेकिंग येथे कोरीव लाकडी ठोकळ्यांवरून त्याचे १०८ खंड छापले गेले. त्यापाठोपाठ अठराव्या शतकाच्या मध्यात 'तांजूर' म्हणजे शास्त्रग्रंथांचा संग्रह २२६ खंडांत मंगोल भाषेत अवतरला. त्यात नागार्जुन आणि वसुबंधू तर आहेतच. शिवाय अमरकोश आहे, दंडीचा काव्यादर्श आहे, आणि महाराष्ट्रातील वाचकाने क्षणभर थांबावे, असे कालिदासाचे मेघदूत आहे. ज्या रामगिरीवर यक्षाने आषाढाचा मेघ पाहिला, तो रामगिरी म्हणजे आपल्या नागपूरजवळचे रामटेक, असे विद्वानांत मानले जाते. तो मेघ अलकेला पोहोचला की नाही हे कवी जाणे. गोबीच्या वाळवंटापलीकडे मात्र तो निश्चित पोहोचला!

आपल्या आज्यांनी सांगितलेल्या गोष्टीही तेथे गेल्या. सिंहासनबत्तिशीतील भोजराजा तेथे 'अराजी बूजी' झाला. वेताळपंचविशीतला वेताळ 'सिद्धी-कूर' नावाने त्यांच्या तंबूंतून रात्री जागवू लागला. रामकथेचे मंगोल पाठ निर्माण झाले. यांतील पुष्कळ ग्रंथ तिबेटीच्या द्वारे गेले, काही उइगूरांच्या द्वारे. थेट भारतातून फार थोडे. ही वाट आडवळणाची होती, हे लपवण्याचे कारण नाही. उलट एखाद्या देशाच्या सैन्याचा एकही शिपाई न जाता त्याची कथा चार भाषांचे डोंगर ओलांडून जाते, यातच तिचे सामर्थ्य आहे.

ते गेले, आपण राहिलो

आता प्रश्न असा, की हे सारे जगाला कोणी सांगितले? उत्तर अप्रिय आहे. परक्यांनी सांगितले.

रशियातील कझान विद्यापीठात मंगोल भाषेचे अध्यासन १८३३ साली स्थापन झाले. त्यावर नेमलेले कोवालेव्स्की हे पोलिश गृहस्थ त्यापूर्वी चार-पाच वर्षे सैबेरियातील बुर्यात मंगोलांत राहिले होते, उर्गा म्हणजे आजच्या उलानबातरला आणि पेकिंगला जाऊन आले होते. त्यांनी १८४४ ते १८४९ या काळात मंगोल-रशियन-फ्रेंच कोश प्रसिद्ध केला. त्यात मंगोल शब्दांपुढे तिबेटी आणि संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत. संस्कृत ही ज्यांच्या घरातली भाषा, ते त्या वेळी काय करीत होते? पेशवाई बुडून पाव शतक लोटले होते आणि पुण्याच्या संस्कृत पाठशाळेचे भवितव्य परक्या सरकारच्या मर्जीवर लटकले होते. तेव्हाच्या आपल्या पूर्वजांना दोष देता येणार नाही. दोष पुढच्यांचा आहे.

मंगोलांचा स्वतःचा तेराव्या शतकातील 'गुप्त इतिहास' चिनी लिप्यंतराच्या रूपात पेकिंगमध्ये सापडला आणि १८६६ साली रशियन भाषेत आला, तो पल्लादी या रशियन धर्मोपदेशकामुळे. पोझ्दनेयेव यांनी १८७६ ते १८७९ आणि पुन्हा १८९२-९३ साली मठामठांतून हिंडून नोंदी केल्या. १८८९ साली याद्रिंत्सेव यांना ओर्खोन नदीच्या खोऱ्यात अज्ञात लिपीचे शिलालेख आढळले. पुढच्याच वर्षी फिनलंडची मोहीम तेथे दाखल झाली, त्याच्या पुढच्या वर्षी रादलोव यांची रशियन मोहीम. आणि १८९३ साली थॉमसेन या डेन्मार्कच्या पंडिताने ती लिपी वाचली. शोधापासून वाचनापर्यंत अवघी चार वर्षे! कोझलोव यांनी १९०८ साली वाळूखालचे खारा-खोतो नगर शोधले. अमेरिकेच्या रॉय चॅपमन अँड्र्यूज यांनी १९२२पासून मोटारी आणि उंट घेऊन गोबी पालथी घातली आणि १९२३ साली डायनोसॉरची अंडी जगापुढे ठेवली. डेन्मार्कने मंगोल पोथ्या कोपनहेगनच्या राजग्रंथालयात नेल्या. हंगेरीच्या लिगेती यांनी १९४२ साली मंगोल कांजूरची सूची प्रसिद्ध केली, तीही महायुद्धाचा वणवा पेटलेला असताना. युरोपातल्या एका चिमुकल्या देशाला बुद्धवचनाच्या मंगोल अनुवादाची सूची करावीशी वाटली. बुद्धाच्या देशाला वाटली नाही.

कोणी म्हणेल, यात साम्राज्यवाद होता. होताच. झारला सीमेपलीकडचा प्रदेश हवा होता, मिशनऱ्यांना धर्मांतरे हवी होती. फिनलंडचा मानरहाइम १९०६ ते १९०८ मध्य आशियात हिंडला तो विद्वानाचा वेष घेऊन, झारच्या सेनाधिकाऱ्यांसाठी माहिती गोळा करीत. पोथ्या आणि मूर्ती ज्या भूमीच्या होत्या तेथे न राहता पीटर्सबर्ग आणि कोपनहेगनला गेल्या, ही गोष्ट आपल्याला नवी नाही; आपल्या किती वस्तू लंडनला आहेत! परंतु परक्यांच्या हेतूंवर बोट ठेवल्याने आपली अनुपस्थिती समर्थनीय ठरत नाही. ते बर्फातून, वाळूतून, उंटावरून गेले. त्यांनी भाषा शिकल्या, व्याकरणे रचली, शिष्य घडवले. दुसऱ्याने नांगरलेल्या शेताकडे पाहून 'जमीन मूळची आमची' असे म्हणत बांधावर बसणाऱ्याला पीक मिळत नाही, हे राहात्याच्या शेतकऱ्याला सांगायला नको.

नागपूरहून निघालेला एक पंडित

अनुपस्थितीच्या या अंधारात एक ठळक अपवाद आहे आणि तो आपला आहे. आचार्य रघुवीर. जन्म १९०२, रावळपिंडी. लंडन आणि उट्रेख्त येथे उच्च शिक्षण. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची जी चिकित्सक आवृत्ती काढली, त्यातील विराटपर्वाचे संपादन त्यांचे. ते १९३६ साली प्रसिद्ध झाले. लाहोरला स्थापन केलेली 'सरस्वती विहार' ही संस्था त्यांनी १९४६ साली, फाळणीच्या एक वर्ष आधी, नागपूरला आणली. पुढची दहा वर्षे आशियाभरच्या भारतविद्येचे हे केंद्र विदर्भात होते. मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या कारभारासाठी त्यांनी पारिभाषिक शब्द घडवले, संविधान सभेत आणि पुढे राज्यसभेत ते बसले. त्यांच्या शब्दांची टिंगल करणाऱ्यांना त्यातील श्रमांची कल्पना कधी आली नाही.

हे रघुवीर १९५५ साली तीन महिने चीनमध्ये हिंडले. त्यानंतर सैबेरियातील बुर्यातांचा प्रदेश आणि मंगोलिया येथे गेले. मठांतून कांजूरचे खंड जवळजवळ नाहीसे झाले होते. १९५६ ते १९५८ या काळात त्यांनी दुर्मीळ मंगोल कांजूरची सूक्ष्मचित्रे मिळवून भारतात आणली. मंगोल-संस्कृत कोश रचला. भोजराजाची मंगोल कथा 'अराजी बूजी' प्रसिद्ध केली. चीनविषयक धोरणावरून त्यांनी काँग्रेस सोडली, १९६२च्या डिसेंबरात ते भारतीय जनसंघाचे अध्यक्ष झाले आणि १४ मे १९६३ रोजी प्रचारदौऱ्यावर असताना कानपूरजवळ मोटार अपघातात त्यांचा अंत झाला. साठीच्या उंबरठ्यावर असलेला एक महापंडित रस्त्यावर हरवला.

काम मात्र थांबले नाही. पुत्र डॉ. लोकेशचंद्र यांनी 'शतपिटक' मालेत १९७३ ते १९७९ या काळात मंगोल कांजूरचे १०८ खंड दिल्लीहून छापून प्रसिद्ध केले. मंगोलियाची हरवलेली वाणी मंगोलियाला भारतातून परत मिळाली. २०२० साली गुरुपौर्णिमेच्या दिवशी, ४ जुलै रोजी, राष्ट्रीय पांडुलिपी मिशनने पुनर्मुद्रित केलेल्या कांजूरचे पहिले पाच खंड राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांना अर्पण करण्यात आले. हे मिशन वाजपेयी सरकारच्या काळात, २००३ साली सुरू झालेले.

रघुवीर एकटे नव्हते, हेही सांगितले पाहिजे. गोव्यातील साखवाळचे धर्मानंद कोसंबी पाली विद्येसाठी नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश पायाखाली घालून हार्वर्डला गेले आणि १९२९ साली लेनिनग्राडला. त्यांची सारी मते आम्हाला मान्य नाहीत. त्यांची जिद्द मात्र शिरोधार्य आहे. पुण्याचे पु. वि. बापट पालीबरोबर चिनी आणि तिबेटी शिकले. वा. वि. गोखले यांनी वसुबंधूच्या अभिधर्मकोशाच्या मूळ संस्कृत कारिका १९४६ साली विद्वानांपुढे ठेवल्या. शतकानुशतके त्या केवळ तिबेटी-चिनी अनुवादांतून माहीत होत्या. महाराष्ट्रात ही परंपरा होती. ती रोडावली कशी, हा प्रश्न आहे.

मौनाचे राजकारण

या प्रश्नाचे अर्धे उत्तर वैचारिक आहे. स्वातंत्र्योत्तर काळात इतिहासाची सूत्रे ज्यांच्या हाती होती, त्यांना भारताबाहेरच्या भारतीय संस्कृतीचे नाव काढणेच प्रतिगामी वाटे. आशियात भारताची मुद्रा शोधणाऱ्यावर विस्तारवादी असल्याचा शिक्का मारला, की वाद संपला. आणि मंगोलियाचा विषय निघाला तर आणखी एक अडचण होती. तेथे १९३७ ते १९३९ या काळात, स्टालिनच्या इशाऱ्यावर आणि चोइबालसानच्या राजवटीत, सुमारे सातशे मठ उद्ध्वस्त झाले आणि सतरा हजारांच्या आसपास लामांची हत्या झाली. गंदन मठ १९३८ साली बंद पडला, त्यातील अवलोकितेश्वराची भव्य मूर्ती काढून नेण्यात आली. ती पुन्हा उभी राहायला १९९६ साल उजाडले. १९४०च्या दशकात मंगोल लिपी बाजूला सारून रशियन लिपी लादली गेली. एवढेच नव्हे, मंगोलविद्येचे जे आधारस्तंभ होते तेही या वरवंट्याखाली आले. उलानबातरच्या ग्रंथसंस्थेचे एक शिल्पकार, बुर्यात पंडित झामत्सारानो १९३७ साली पकडले गेले आणि १९४२ साली तुरुंगात मरण पावले. लेनिनग्राडमध्ये तिबेटी-बौद्ध विद्येचे व्होस्त्रिकोव यांना गोळ्या घालण्यात आल्या.

ज्यांनी आपल्याला मानवी हक्कांचे धडे दिले, त्यांच्या पुस्तकांत या सतरा हजार भिक्षूंसाठी किती पाने आहेत? नालंदेच्या दाहाचा उल्लेख केला की पुरावे मागणारे, विसाव्या शतकातील या दाहाविषयी पुरावे समोर असताना गप्प का? हा प्रश्न विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे आणि तो विचारलाच पाहिजे.

परंतु प्रतिपक्षाला न्याय देणे हाही आपलाच संस्कार आहे. त्याच साम्यवादी मंगोलियात ब्याम्बिन रिंचेन आणि त्सेंदीन दामदिनसुरेन यांच्यासारखे विद्वान राजवटीच्या छायेत राहून जुन्या ग्रंथांना जपत होते. दामदिनसुरेन यांनी मंगोल भाषेतील रामकथेवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. १९५९ साली उलानबातरला जगातील मंगोलविद्येच्या अभ्यासकांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तीही त्याच राजवटीत. आणि नेहरूंच्या सरकारने २४ डिसेंबर १९५५ रोजी मंगोलियाशी राजनैतिक संबंध जोडले, साम्यवादी गटाबाहेरचा तसे करणारा पहिला देश भारत ठरला, हेही नाकारण्याचे कारण नाही. त्या सरकारची चूक दुसरी होती. संबंध जोडले, पण त्यांच्यामागे विद्यापीठ उभे केले नाही. १९९० ते २००० या दशकात लडाखचे कुशोक बकुला रिंपोछे हे भिक्षू तेथे राजदूत म्हणून गेले, तेव्हा मंगोल जनतेने त्यांच्यात राजदूतापेक्षा गुरू पाहिला. एक योग्य माणूस दहा वर्षांत काय करतो, याचा तो पुरावा होता.

आरशात पाहण्याची वेळ

उरलेले अर्धे उत्तर आपल्यापाशी आहे. डाव्यांनी रघुवीरांना दडवले असेल. आपण त्यांना केव्हा आठवले? ज्या पक्षपरंपरेचे ते अध्यक्ष होते, तिच्या कार्यकर्त्यांपैकी किती जणांना त्यांचे नाव सांगता येईल? केंद्रात आपल्या विचारांचे सरकार येऊन एक तप उलटले. आता 'त्यांनी करू दिले नाही' ही सबब किती दिवस चालणार?

आज भ्रमणध्वनीवर रोज एक नवा गौरवसंदेश येतो. 'मंगोलिया मूळचा हिंदू देश', 'चंगीझ हे संस्कृत नाव' असले काहीतरी. पाठवणारा देशभक्त असतो, यात शंका नाही. परंतु ज्याने मंगोल भाषेची मुळाक्षरे पाहिली नाहीत, त्याचा असा दावा कोवालेव्स्कीच्या कोशापुढे किती टिकेल? गौरवाची घाई आणि अभ्यासाचा कंटाळा हे दोन्ही एकाच घरात नांदू लागले, की शत्रूची गरज उरत नाही. रघुवीरांनी कोणताही संदेश पाठवला नाही. त्यांनी १०८ खंड आणले.

मध्यमवर्गीय घरांची गोष्ट तर आणखी उघड आहे. मुलगा संगणक अभियंता व्हावा, मुलगी अमेरिकेत जावी, यासाठी आपण कर्ज काढतो. तीच मुलगी 'मला तिबेटी आणि मंगोल शिकायचे आहे' म्हणाली, तर घरात काय वातावरण होईल, हे प्रत्येकाने मनाशी विचारून पाहावे. संस्कृत आपण गुणांसाठी घेतो आणि दहावीनंतर रद्दीत टाकतो. राष्ट्र घोषणांनी मोठे होत नसते, ते कोणाच्या तरी मुलाने पंधरा वर्षे एका पोथीपुढे बसल्याने होते.

'आम्ही खेड्यातली माणसे, आमचा मंगोलियाशी काय संबंध?' असे म्हणणाऱ्यांना याच तालुक्यातले उदाहरण देतो. लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांना पुण्याच्या धनंजयराव गाडगीळांची विद्या मिळाली आणि १९५०च्या सुमारास आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना प्रवरेकाठी उभा राहिला. शेतकरी आणि पंडित एकत्र आले की काय घडते, हे राहाता तालुक्याने जगाला दाखवले आहे. त्याच प्रवरेकाठी, शेजारच्या श्रीरामपूर तालुक्यातील दायमाबादला, १९७४ साली एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचे मूळ खणताना कांस्यरथ आणि कांस्यपशू सापडले. ते स्थळ १९५८ सालीच हेरले गेले होते. म्हणून त्या रथाचा अर्थ लावायला लगेच विद्वान धावून आले, पुढे १९७९पर्यंत उत्खनन झाले. विद्वानांची ती फळी नसती, तर तो रथ मोडीच्या भावाने गेला असता. आपले जे काही मंगोलियात आहे, ते असेच मुळाखाली पडले आहे.

मागण्या मोठ्या नाहीत. रामटेकला १९९७ साली स्थापन झालेले कविकुलगुरू कालिदास संस्कृत विद्यापीठ आहे. मेघदूताच्या मंगोल अनुवादाचा अभ्यास तेथे होऊ नये तर कोठे व्हावा? तेथे तिबेटी-मंगोल भाषांचे एक अध्यासन उभे राहावे आणि त्याला रघुवीरांचे नाव द्यावे. ज्या नागपूरने त्यांना दहा वर्षे आश्रय दिला, त्याचे ते ऋणमोचन होईल. दरवर्षी दोन विद्यार्थ्यांना किमान पाच वर्षांची शिष्यवृत्ती देऊन उलानबातरला पाठवावे. दोनच, परंतु न चुकता. २०२५च्या अर्थसंकल्पात 'ज्ञानभारतम्' मिशन घोषित झाले, एक कोटींहून अधिक हस्तलिखितांचे सर्वेक्षण आणि जतन हे त्याचे उद्दिष्ट आहे. पोथ्या जपताना त्या वाचणारी माणसेही घडवावीत, असा आग्रह आपण लोकप्रतिनिधींकडे धरावा. 'अराजी बूजी' आणि आपली सिंहासनबत्तिशी शेजारी ठेवणारे एक पुस्तक मराठीत यावे. २०२४च्या ऑक्टोबरमध्ये मराठी आणि पाली यांना एकाच दिवशी अभिजात दर्जा मिळाला. अभिजात म्हणवणाऱ्या भाषेत हे ज्ञान नसावे, हे कसे चालेल?

मंगोलियाकडे पाहा. १ जानेवारी २०२५पासून त्यांनी आपली पारंपरिक उभी लिपी शासकीय व्यवहारात रशियन लिपीच्या जोडीने पुन्हा आणली. ऐंशी वर्षे बाजूला पडलेली लिपी पस्तीस लाखांचा देश परत मिळवू शकतो. आपण तर बारा कोटींचे राज्य आहोत.

त्या संध्याकाळी सभागृह रिकामे होत असताना तो मुलगा पुन्हा माझ्याकडे आला. कांजूर, मेघदूत, भोजराजा हे सारे ऐकून त्याचे डोळे चमकत होते. "सर, ही भाषा शिकायची असेल तर महाराष्ट्रात कोठे जायचे?" त्याने विचारले. पीटर्सबर्ग, बुडापेस्ट, बॉन ही नावे माझ्या ओठांवर पटापट आली. महाराष्ट्रातील एकही आले नाही. त्याच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी दहा मिनिटांत दिले होते. दुसऱ्याचे उत्तर मला एकट्याला देता येणार नाही. ते आपण सर्वांनी मिळून द्यायचे आहे, आणि तो मुलगा बारावी होण्याच्या आत द्यायचे आहे.